उरवाईची मस्तकं

१९९१ च्या मे महिन्यात मी लग्न होऊन इचलकरंजीहून ग्वाल्हेरला आले. सासरे तरुणपणीच बिर्लानगरच्या कापड गिरणीत कामाला म्हणून इकडे आलेले. त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. माहेरी आम्ही ज्याला बस्ती म्हणायचो ते इथे मंदिरजी झालं. सूर्यास्ताआधीचं जेवण ‘ब्यालू’ झालं. ऊन तर असं, की वाळत घातलेली साडी दुसरी पिळून होईपर्यंत वाळलेली असायची.

आठ-दहा दिवस गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “चल, तुला इथले आपले देव दाखवते.” सकाळी सहालाच टेम्पोने निघालो आणि उरवाई दरवाजाकडून किल्ल्याच्या चढाला लागलो. तो रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे सरळ कडे आणि त्या कड्यांतच कोरलेल्या जिनमूर्ती. काही माणसाएवढ्या, काही दोन मजली घराएवढ्या. सर्वांत मोठी उभी आदिनाथांची मूर्ती ५७ फुटांची. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची उंची साधारण तेवढीच, पण गोमटेश्वर डोंगराच्या माथ्यावर मोकळ्या आभाळात उभा आहे, आणि हे आदिनाथ कड्याच्या पोटात, पाठ खडकाला लावून.

माझं बालपण कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या आसपास गेलं. तिथली १९६३ साली उभी राहिलेली २८ फुटी पांढरीशुभ्र मूर्ती डोळ्यांत बसलेली. मूर्ती म्हणजे गुळगुळीत, अखंड, नजर न लागो अशी, एवढंच मला ठाऊक. इथे मान वर केली तर कुणाला चेहराच नाही. कुणाचे हात नाहीत. आणि काही मूर्तींचं अंग दगडाचं, पण डोकं मात्र वेगळ्याच रंगाचं, चुन्यात घडवून वर ठेवल्यासारखं. मानेपाशी सांधा स्पष्ट दिसत होता. नव्या सुनेने बोलू नये ते मी बोलून गेले, “आई, ही डोकी अशी का हो?”

सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, “तुटली होती. परत बसवली.”

खरं सांगायचं तर मला ती डोकी कुरूप वाटली. त्यापेक्षा बिनडोक्याच्या मूर्ती बऱ्या, निदान त्या प्रामाणिक तरी आहेत, असंही मनात आलं. नुकतीच बी.ए. झालेली मुलगी होते, असं काहीतरी सुचायचंच. ते मत बदलायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली.

या मूर्तींचा इतिहास मला पुढे तुकड्या-तुकड्याने कळत गेला. १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली. दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली आणि त्याच सुमारास ग्वाल्हेरचा किल्ला तोमर राजपुतांच्या हाती आला. तोमर स्वतः वैष्णव-शैव परंपरेतले, पण त्यांच्या दरबारात जैन व्यापारी आणि कारभारी यांना चांगलं स्थान होतं. वीरमदेव तोमराचा मंत्री कुशराज हा जैन. त्याच्यासाठी पद्मनाभ नावाच्या कायस्थ कवीने यशोधराचं चरित्र लिहिलं. म्हणजे राजा एका पंथाचा, मंत्री दुसऱ्या, कवी तिसऱ्या, आणि काम एकच चाललेलं.

मग १४२५ च्या सुमारास डूंगरसिंह गादीवर आला. त्याच्या काळी एका बाजूला दिल्लीचा सुलतान, दुसरीकडे माळवा, तिसरीकडे जौनपूर. खंडणी दे, नाहीतर लढ. असल्या दिवसांत माणसं घरातलं सोनं पुरून ठेवतात. इथल्या माणसांनी कडे कोरायला घेतले.

या काळाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे रइधू कवी. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मीही चाळिशीपर्यंत ऐकलं नव्हतं. रइधू अपभ्रंश भाषेत लिहायचा, आणि ग्वाल्हेर ही त्याची कर्मभूमी. वीसहून अधिक ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. पार्श्वनाथ, सुकोशल, यशोधर, धन्यकुमार, श्रीपाल अशा कितीतरी चरित्रकथा. आपल्या बायकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो मुनी नव्हता. घरसंसार असलेला गृहस्थ होता. वडील हरिसिंह, आई विजयश्री, बायको सावित्री, मुलगा उदयराज. ही नावं आपल्याला त्याच्याच ग्रंथांमुळे माहीत आहेत. प्रशस्ती लिहिताना तो नुसता शेठजींचा जयजयकार करत नाही. ज्याने ग्रंथ लिहायला सांगितलं त्याचं अख्खं कुटुंब नोंदवतो, त्यात बायका, सुना, सगळ्या येतात. पंधराव्या शतकातल्या किती बायकांची नावं आज आपल्याला कुठे वाचायला मिळतात, सांगा!

रइधूच्या एका ग्रंथात कमलसिंह संघवी नावाच्या श्रावकाची हकीकत आहे. त्याने आदिनाथांची अकरा हात उंच मूर्ती घडवली आणि प्रतिष्ठेसाठी राजाकडे परवानगी मागितली. डूंगरसिंहाने त्याला गुजरातच्या वस्तुपाल-तेजपालांचं उदाहरण दिलं, त्यांनी जसं केलं तसं तूही माझ्या राज्यात निर्धास्त कर, कमी पडेल ते माझ्याकडून घे, असं सांगितलं. हे सगळं रइधू लिहितो. कवी आश्रयदात्या राजाविषयी लिहीत आहे, तेव्हा थोडी साखर जास्त पडली असेल. पण कडे तर समोर आहेत, ते काही कवीने रचलेले नाहीत.

उरवाईच्या मोठ्या आदिनाथाच्या लेखात विक्रम संवत १४९७ चा वैशाख दिला आहे, म्हणजे इसवी सन १४४०. डूंगरसिंहाचं राज्य, काष्ठासंघाचे भट्टारक गुणकीर्ती आणि यशःकीर्ती, आणि प्रतिष्ठाचार्य म्हणून नाव आहे पंडित रइधूचं. आदल्याच वर्षी त्याने सुकोशलचरित पूर्ण केलं होतं. हातातली लेखणी ठेवून हा गृहस्थ ग्वाल्हेरच्या वैशाखात, त्या तापलेल्या दगडांत, ५७ फुटी मूर्तीच्या प्रतिष्ठेला उभा राहिला आणि नंतर परत जाऊन पुढचा ग्रंथ लिहायला बसला. ग्वाल्हेरच्या वैशाखात मी साधं पापड वाळवायला गच्चीवर जायचं म्हटलं तरी दहादा विचार करते.

त्यानंतर काम थांबलं नाही. डूंगरसिंह गेला, १४५९ मध्ये त्याचा मुलगा कीर्तिसिंह आला, तरी चालूच राहिलं. किल्ल्याच्या चारी अंगांना मूर्तींचे समूह होत गेले. ‘एक पत्थर की बावडी’ जवळ बसलेल्या पार्श्वनाथांची उंची ४२ फूट सांगतात. शेवटचे लेख १४७३ पर्यंत येतात. १४४० ते १४७३, तेहतीस वर्षं.

तेहतीस हा आकडा पुस्तकात वाचला तर काही वाटत नाही. मी तो घरातल्या हिशोबाने मोजून पाहिला. १४४० मध्ये जी सोळा वर्षांची मुलगी इथे लग्न करून आली असेल, ती १४७३ मध्ये एकोणपन्नास वर्षांची, नातवंडांची आजी. तिने पदर सावरत पहिल्या दिवशी जी छिन्नीची टकटक ऐकली असेल ती सासूचं दुखणं, मुलांची लग्नं, नवऱ्याच्या व्यापारातली खोट, राजा बदलणं, या सगळ्यात मागून चालूच असेल. कड्यात अशी मूर्ती कोरायची तर साधारणपणे वरून खाली यावं लागतं. आधी मस्तक, मग खांदे, पाय सर्वांत शेवटी. ज्याने मस्तकासाठी पैसे दिले त्याने पाय पाहिले असतीलच असं नाही.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तोमरांचं राज्य गेलं. मानसिंह तोमराचा मुलगा विक्रमादित्य याला किल्ला लोदींच्या हाती द्यावा लागला, आणि १५२६ मध्ये पानिपतच्या लढाईत तो इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना मारला गेला. दोन वर्षांनी, १५२८ च्या सप्टेंबरात, बाबर ग्वाल्हेर बघायला आला. ‘बघायला’ हाच शब्द बरोबर आहे, कारण त्याच्या आत्मचरित्रात ही सहलच आहे. मानसिंहाचे महाल त्याने निरखून पाहिले, पाण्याची व्यवस्था पाहिली. इथल्या बागेतली लालसर कण्हेर त्याला इतकी आवडली की आपल्या बागेत लावायला त्याने ती आग्र्याला नेली. आणि त्याच मुक्कामात उरवाईच्या कड्यातल्या नग्न मूर्ती पाहून जागा वाईट नाही, पण या मूर्ती हा तिचा दोष आहे, असं म्हणून त्या फोडण्याचा हुकूम दिला.

आमच्या अंगणात कण्हेरीची दोन झाडं आहेत. फुलं तोडताना हे आठवतंच. झाडावर इतकं प्रेम असलेला माणूस! असो. बाबराला शिव्या देण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलेला नाही, ते काम करायला बाकी लोक आहेत. याच गावात महंमद घौस यांची कबर आहे, शेजारी तानसेन आहे, दर वर्षी तिथे गाणं होतं आणि आम्ही सगळे ऐकायला जातो. मला रस आहे तो पुढे काय झालं यात.

फोडणाऱ्यांनी मूर्ती पूर्ण फोडल्या नाहीत. ५७ फुटांचा अख्खा खडक भुईसपाट करायचा तर तेही वर्षानुवर्षांचं काम. त्यांनी झटपट होईल ते केलं, चेहरे उडवले, अवयव तोडले आणि गेले. शेवटचा लेख कोरल्याला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांनी लहानपणी आजोबांचं बोट धरून ते काम चालताना पाहिलं होतं अशी म्हातारी माणसं गावात जिवंत असणार. त्यांनी ते कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असेल?

आमच्याकडे एक चमत्काराची कथा सांगतात, की पार्श्वनाथांच्या मोठ्या मूर्तीवर घाव घालायला गेलेले सैनिक आंधळे झाले आणि पळाले. भाविकांचं मन मोडू नये, पण मला ही कथा फारशी आवडत नाही. देवानेच सगळं निभावलं म्हटलं की माणसांनी जे केलं ते झाकून जातं. आणि माणसांनी जे केलं ते फार साधं आणि फार अवघड होतं. इंग्रजांच्या काळी, १८६० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथली पाहणी करायला आला, तेव्हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याने आपल्या अहवालात मूर्तींचे समूह नोंदवले, आणि हेही नोंदवलं की तुटलेली मस्तकं जैनांनी रंगीत चुन्याच्या गिलाव्यात पुन्हा घडवून बसवली आहेत. सासूबाईंनी चार शब्दांत सांगितलेला इतिहास तो हाच.

इथे आपल्या घरात वाढलेल्या कुणालाही एक शंका येईल. खंडित मूर्तीची पूजा करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मस्तक गेलं म्हणजे तर प्रश्नच मिटला. अशा मूर्तीला सोडून दुसरीकडे नवी घडवावी. कड्यांना तोटा नव्हता, कारागीर मिळाले असते. मग यांनी नवीन सुरुवात का केली नाही? जुन्याच अंगावर, जिचा सांधा शंभर पावलांवरून दिसतो अशी, चुन्याची डोकी का बसवली? त्याने मूर्ती शास्त्राप्रमाणे पुन्हा पूज्य झाली का, यावर पंडित वाद घालू शकतील. मला अनेक वर्षं वाटायचं की हे अडाणीपणाचं काम आहे. उगाच भावनेपोटी केलेलं.

माझं मत बदललं ते माझ्या वह्यांमुळे, म्हणून त्यांच्याविषयी थोडं सांगावं लागेल.

१९९८ साली मी ठरवलं की गोपाचलाच्या या मूर्तींचा इतिहास मराठीत लिहायचा, आपल्या बायकांना वाचता येईल असा. हिंदीत पुष्कळ आहे, मराठीत मला काही मिळेना. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर णमोकार लिहिला, तोमरांची वंशावळ काढली. अकरा पानं झाली आणि सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. पाच वर्षं त्या अंथरुणाला होत्या. त्यांचं सगळं करताना वही आठवायची नाही असं नाही, पण आठवली की छातीत काहीतरी खुपायचं, म्हणून मी ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली.

२००४ मध्ये, त्या गेल्यावर, पुन्हा घेतलं. जुनी वही बघवेना. मधे सहा वर्षांचं भगदाड. मग नवी वही, नवा णमोकार, पुन्हा तोमरांची वंशावळ. या वेळी रइधूपर्यंत पोचले. मग मुलाची दहावी, मुलीचं आजारपण, आणि यांची बदली. २०१२ मध्ये तिसरी वही. परत वंशावळ! तोमर राजांची नावं आता मला आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ आहेत. तीन वह्यांत मिळून वीरसिंहदेव तीनदा गादीवर बसले आणि बाबर एकदाही ग्वाल्हेरला आला नाही.

कुणी मला अडवलं नव्हतं हो. यांनी कधी “कशाला लिहितेस” म्हटलं नाही. एका नातेवाइकांनी मात्र लग्नात सगळ्यांसमोर विचारलं, “काय, झालं का पुस्तक?” आणि सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले. त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही की मी काही लिहितेय.

आपल्याकडे प्रवचनांत दृढसंकल्पाच्या गोष्टी सांगतात. सुदर्शन शेठ, अंजना, चंदनबाला. त्या ऐकून डोळ्यांत पाणी येतं. पण त्यांत संकल्प कधी मोडत नाही. बाहेरून कितीही संकटं येवोत, आतून ती माणसं हलत नाहीत. आपलं तसं नसतं. आपलं संकट बाहेरून येतं आणि मग आपणच आतून हलतो. काम मोडतं ते संकटाच्या वर्षी नव्हे. संकट सरल्यावरही आपण लाजेने त्या कामाकडे जात नाही, तेव्हा ते मोडतं. सासूबाई गेल्यावर मला वेळ होता. तरी दीड वर्ष मी कपाटाचा वरचा कप्पा उघडला नव्हता.

दोन हजार एकोणीसच्या चातुर्मासात आमच्या मंदिरजीत एक आर्यिका माताजी होत्या. कर्नाटकातल्या, मराठी समजायची. मी रोज एक पान लिहीन असा नियम त्यांच्याकडून घेतला आणि बाराव्या दिवशी तो मोडला. घरात पाहुणे, रात्री अकराला भांडी, झोप लागली. तेराव्या दिवशी मोडला, चौदाव्या दिवशी मी गेलेच नाही. आठवड्याने गेले आणि म्हटलं, “माताजी, मला प्रायश्चित्त द्या आणि नव्याने नियम द्या. पहिल्यापासून धरते.”

त्या म्हणाल्या, “पहिल्यापासून कशाला? तुम्ही छेदोपस्थापना ऐकलं नाही का?”

ऐकलं कसं नाही? दरवर्षी ऐकते. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, नवव्या दिवशी नववा. त्यात चारित्र्याचे पाच प्रकार येतात, सामायिक, छेदोपस्थापना, परिहारविशुद्धी, सूक्ष्मसांपराय, यथाख्यात. तोपर्यंत सकाळपासूनच्या उपवासाने डोकं जड झालेलं असतं आणि हे शब्द कानावरून जातात. माताजींनी तो दुसरा शब्द उलगडून सांगितला. मुनींच्या व्रतात प्रमादाने दोष लागला तर गुरू त्याच्या दीक्षेच्या काळातले काही दिवस किंवा महिने कापून टाकतात. तो छेद. कापलेल्या काळाने त्याचं स्थान खाली जातं, कालपर्यंत जे त्याला वंदन करत होते त्यांना आता त्याने वंदन करायचं. शिक्षा हलकी नाही. पण दीक्षा तीच राहते. जे उरलं आहे त्यावरच त्याला पुन्हा उभं करतात. ती उपस्थापना. (मूळ दीक्षाच जाऊन सगळं नव्याने करण्याइतका दोष वेगळा, तो फार मोठ्या अपराधाला.) माताजी म्हणाल्या, “तुमचे अकरा दिवस झालेत ना? ते कुणी खोडले? उद्या तुमचा बारावा दिवस.”

हे मुनींचं शास्त्र आहे, माझ्यासारख्या गृहिणीच्या वहीला लावणं शास्त्राला धरून आहे की नाही मला माहीत नाही, आणि माताजींनीही हसत हसतच सांगितलं होतं. पण मंदिरजीतून घरी येताना मला उरवाईचे सांधे आठवले. ज्या माणसांना हा शब्द आपल्यापेक्षा जास्त जवळचा होता, दर चातुर्मासात जे तो ऐकत होते, त्यांनी नवा कडा का शोधला नाही, ते मला पहिल्यांदा कळल्यासारखं झालं. नवा कडा घेतला असता तर जुने आदिनाथ कायमचे तुटलेलेच राहिले असते. तेहतीस वर्षांचं काम ‘मोडलेलं’ म्हणून इतिहासात जमा झालं असतं. आणि चुन्याचं डोकं दगडाच्या डोक्याची बरोबरी करणार नाही हे त्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतंच. तरी बसवलं. पाऊस-उन्हाने गिलावा झडला की पुन्हा हात फिरवला असणार, नाहीतर कनिंगहॅमला तो दिसायलाही उरला नसता.

दुसऱ्या दिवशी मी चौथी वही आणली नाही. तिसरी वही काढली. २०१२ मध्ये ती अर्ध्या वाक्यावर थांबली होती. रइधूच्या भाषेविषयीचा परिच्छेद होता, “अपभ्रंशातले उकारान्त शब्द पाहिले की ज्ञानेश्वरी वाचलेल्या मराठी माणसाला” एवढंच. पुढे काय म्हणायचं होतं ते सात वर्षांनी आठवणार कसं? पण खरंच त्या भाषेत ‘चरित’चं ‘चरिउ’ होतं, आणि ज्ञानेश्वरीतही शब्दांच्या शेवटी असेच उकार येतात. हिंदीभाषक पंडितांना परकी वाटणारी एखादी गोष्ट आपल्याला घरची वाटते. मी लिहिलं, “परक्या गावात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं,” आणि पुढे गेले. वाक्याचा पहिला अर्धा निळ्या शाईत, दुसरा काळ्या. अक्षरही बदललं आहे, आता चष्म्याचं अक्षर.

रइधूच्या ग्रंथांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्याच्या पोथ्या गावोगावच्या भांडारांत विखुरल्या. अपभ्रंश वाचणारे कमी झाले. शतकानुशतकं त्या बासनात बांधलेल्या राहिल्या. विसाव्या शतकात बिहारमधल्या आरा इथले डॉ. राजाराम जैन यांनी त्या शोधायला घेतल्या. कुठे एक प्रत, कुठे अर्धी, कुठे चित्रं असलेली. त्यांचा रइधू-साहित्यावरचा मोठा ग्रंथ १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाला आणि मग एकेक काव्य संपादित होऊन छापलं जाऊ लागलं. पाचशे वर्षांनी. मी जे थोडंफार वाचू शकले ते त्यांच्या हिंदी अनुवादाच्या आधाराने. रइधूचं लिहिणं वाया गेलं असं १९०० साली कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरवायला पुरावा नव्हता.

बाबर माझ्या वहीत २०२१ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला आला. कण्हेर घेऊन परतही गेला. कनिंगहॅम गेल्या वर्षी येऊन गेला. १८८६ मध्ये इंग्रजांनी किल्ला जयाजीराव शिंद्यांना परत दिला आणि बदल्यात झाशी घेतली, तिथपर्यंत मी आले आहे. शिंदेशाहीतली जैन वस्ती, लष्करातली मंदिरं, हे अजून राहिलंय. मधे परत दोनदा खंड पडला, एकदा कोविडमुळे आणि एकदा काहीही कारण नसताना. तारखा लिहून ठेवल्या आहेत. आधी लपवायचे.

या हिवाळ्यात मुलगी माहेरपणाला आली होती. तिला म्हटलं, एवढं कंप्युटरवर उतरवून दे. ती दुपारी जेवण झालं की डायनिंग टेबलवर बसायची, मी शेजारी मटार सोलत. तिसऱ्या दिवशी ती मधेच थांबली.

“आई, इथे शाई बदलली आहे. अक्षर पण वेगळंय. नवीन प्रकरण सुरू करू का?”

“नको,” मी म्हटलं, “वाक्य तेच आहे. पुढे टाइप कर.”